वर्ष सुरू होतं चिखलणी संपल्यावर

ट्रॅक्टरच्या देखभालीवरची बहुतेक पुस्तकं तासांच्या हिशेबाने लिहिलेली असतात. दहा तासांनी काय तपासायचं, पन्नास तासांनी कुठे ग्रीस द्यायचं, अडीचशे तासांनी इंजिनचं ऑइल बदलायचं, हजार तासांनी गिअरबॉक्सचं. जिथे ट्रॅक्टर वर्षाचे दहा महिने कोरड्या रानात चालतो, तिथे हा हिशेब चोख लागू पडतो. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या शेतात तो तसा लागू पडत नाही, आणि जुना ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत तर तो उलटाच पडतो. इथला ट्रॅक्टर पावसाळ्याच्या सुरुवातीला तीन-चार आठवडे दिवसरात्र गुडघाभर चिखलात चालतो. त्यानंतर अनेक घरी तो पडवीत किंवा ताडपत्रीखाली उभा असतो, नाहीतर ट्रॉलीला जुंपला जातो. तासांचा काटा वर्षाकाठी फारसा पुढे सरकत नाही, म्हणून मालकाला वाटतं की अजून वेळ आहे. पण ऑइलमध्ये पाणी शिरलेलं असतं, हबमधलं ग्रीस धुऊन गेलेलं असतं, आणि त्या अवस्थेत यंत्र आठ-नऊ महिने गंजत राहतं. पुढच्या जूनमध्ये ते बंद पडतं तेव्हा दोष जुन्या ट्रॅक्टरला दिला जातो. या पुस्तिकेचं म्हणणं एकच आहे: पेण-रोह्यात देखभालीचं वर्ष मे महिन्यात सुरू होत नाही. ते चिखलणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं, आणि वर्षातली मुख्य सर्व्हिसिंग पावसाळ्यापूर्वी नव्हे तर लावणी आटोपल्यावर लगेच झाली पाहिजे.

हे म्हणणं पटायचं तर आधी इथली जमीन नीट डोळ्यासमोर आणायला हवी. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पेणच्या पश्चिमेला वडखळ, वाशी, वढाव या बाजूला खारेपाट आहे. समुद्राच्या भरतीला बांध घालून, उघाड्या बसवून मिळवलेली ही भातजमीन. खारबंदिस्तीसाठी मुंबई राज्यात १९४८ साली आणि महाराष्ट्रात १९७९ साली वेगळे कायदे करावे लागले, इतका हा प्रश्न इथल्या जगण्याशी बांधलेला आहे. रोह्याच्या बाजूला चित्र थोडं निराळं. मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून १९२७ सालापासून कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरतं आणि पुढे कालव्यांनी काही गावांच्या शेतात जातं. तिथे पावसाळी भाताखेरीज उन्हाळी भातही होतो, म्हणजे तिथल्या ट्रॅक्टरला चिखलाचे दोन हंगाम सोसावे लागतात. भात कापल्यावर ओलीवर वाल पेरणाऱ्या शेतांत हलकी नांगरट असते. दोन्ही तालुक्यांत खाचरं लहान आणि वाटे पडत गेल्याने आणखी लहान झालेली. धाटाव, नागोठणे, डोलवी इथल्या कारखान्यांत घरातला माणूस पाळीवर जातो आणि शेती सुट्टीच्या दिवसांत उरकतो, अशी कुटुंबं पुष्कळ. बैल सांभाळायला घरात कोणी नाही, मजूर वेळेवर मिळत नाहीत, आणि नव्या ट्रॅक्टरचा हप्ता एवढ्याशा भातावर निघत नाही. अशा घराला पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा, घाटावर काही वर्षं चाललेला जुना ट्रॅक्टर परवडतो. पॉवर टिलर घ्यावा की ट्रॅक्टर, हा वाद रास्त आहे आणि अगदी लहान खाचरांत टिलरच बरा. पण ज्यांनी ट्रॅक्टर घेऊन टाकला आहे त्यांना त्या वादाचा आता उपयोग नाही. त्यांना हवं आहे ते यंत्र टिकवण्याचं ज्ञान.

इंजिनपासून सुरुवात करू. एक लिटर डिझेल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच, आणि जुन्या, झिजलेल्या इंजिनमध्ये तो जास्त उतरतो. इंजिन चांगलं तापून तासन्‌तास चाललं तर ही वाफ ब्रीदरमधून निघून जाते. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद होत असेल, तर ती आतच थंड होऊन ऑइलमध्ये पाणी म्हणून उरते. तिच्यासोबत जळणातून आलेली आम्लंही असतात. ऑइलमध्ये ही आम्लं मारणारे घटक घातलेले असतात, पण ते खर्ची पडत जातात. हंगामभर राबलेलं, काजळी आणि ओल धरलेलं ऑइल ऑगस्टपासून मेपर्यंत बेअरिंगांना लागून राहतं, तेव्हा ते वंगणाचं काम करत नाही, गंज मात्र वाढवतं. हेच ऑइल मे महिन्याच्या शेवटी बदललं तर नवीन ऑइल आत येतं खरं, पण नुकसान त्याआधीच झालेलं असतं. आता कोणी म्हणेल, पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक फार होतं, म्हणून आम्ल व्हायचं. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाखात दहा भागांवर आलं आहे, मग ही चिंता कशाला? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. गंधकाचं आम्ल पुष्कळ कमी झालं आणि कोरड्या मुलखात ऑइलचं आयुष्य त्यामुळे वाढलं असेल. पण पाणी गंधकापासून होत नाही, ते डिझेलमधल्या हायड्रोजनपासून होतं, आणि तो तितकाच आहे. शिवाय इथली हवा पावसाळाभर ओलीच असते. तीन सिलिंडरच्या इंजिनला सात-आठ लिटर ऑइल आणि एक फिल्टर लागतो. तो खर्च वर्षातून एकदा करायचाच असेल, तर तो कोणत्या महिन्यात करायचा एवढाच प्रश्न उरतो. नवं ऑइल घातल्यावर इंजिन अर्धा तास कामावर चालवावं, म्हणजे ते सगळीकडे पोचेल, आणि मगच ट्रॅक्टर उभा करावा.

इंजिनपेक्षाही मोठी हानी मागच्या भागात होते, आणि तिकडे लक्ष सर्वांत कमी जातं. चिखलणीला मागच्या चाकांच्या बाजूला लोखंडी केज व्हील लावतात. त्याने ट्रॅक्टर रुतत नाही हे खरं, पण भार ॲक्सलच्या टोकापासून आणखी बाहेर सरकतो आणि तिथल्या बेअरिंगवर व ऑइल सीलवर जास्त ताण येतो. सील म्हणजे रबराची एक पातळ ओठ असलेली चकती. ती चिखलातल्या वाळूने घासली जाते, कुजलेलं गवत आणि पेंढ्याचे धागे तिच्याभोवती गुंडाळले जातात. त्यातच आणखी एक गोष्ट घडते, जी मेकॅनिकही क्वचितच समजावून सांगतात. चालून चालून गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. मग तोच तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्याने भरलेल्या खाचरात उतरतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर हवेला वाट राहत नाही, आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. पाच मिनिटं खर्चून साफ करता येणारा एक छोटा ब्रीदर तीस-चाळीस लिटर ऑइल नासवतो, ते असं. मध्य प्रदेशात बुदनी इथे १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची शेतीयंत्रांची प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची चिखलणीतही चाचणी घेतात आणि नंतर क्लच, ब्रेक, पुढच्या चाकांचे हब अशा जागी पाणी किंवा चिखल शिरला का, याची नोंद अहवालात करतात. नव्याकोऱ्या यंत्राबद्दल ही तपासणी आवश्यक वाटते, तर दहा-बारा वर्षं जुन्या सीलांबद्दल ती दरवर्षी करणं अधिकच आवश्यक आहे. करायचं काम अवघड नाही. चिखलणी संपल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवावा. सकाळी इंजिन चालू न करता गिअरबॉक्सच्या तळाचं बूच हलकेच सैल करावं. वेगळं साठलेलं पाणी जड असल्याने तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. नुसतं थोडं पाणी आलं आणि मागून स्वच्छ ऑइल आलं, तर पाणी काढून सील तपासून वर्ष निभावता येतं. ऑइल दुधाळ झालेलं असेल, तर ते पूर्ण बदलण्यावाचून इलाज नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि हायड्रोलिक यांचं ऑइल एकच असतं. त्यामुळे पाणी शिरलं की लिफ्टचा पंपही धोक्यात येतो.

क्लच हाउसिंगच्या तळाला पुष्कळ ट्रॅक्टरांत एक छिद्र असतं. चिखलणीच्या वेळी तिथे बूच लावायचं आणि हंगाम संपताच काढायचं, हा साधा नियम किती ठिकाणी पाळला जातो याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. बूच लावलं नाही तर चिखल आत शिरतो. काढलं नाही तर आत गळलेलं ऑइल साठून क्लच प्लेटला लागतं आणि क्लच घसरू लागतो. बूच काढल्यावर त्या छिद्रातून काय ठिबकतं याकडे लक्ष द्यावं. इंजिनचं काळं ऑइल ठिबकत असेल तर इंजिनच्या मागच्या बाजूचं सील गेलं आहे; गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं. उभा असताना क्लचचा पेडल दाबून लाकडाची फळी लावून ठेवावा. नाहीतर दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते आणि जूनमध्ये गिअरच पडत नाही. पुढच्या चाकांचे हब मात्र न चुकता उघडायचे, बेअरिंग डिझेलने धुऊन नवं ग्रीस भरायचं आणि सील स्वस्त असल्याने दरवर्षी नवंच बसवायचं. यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

खारेपाटाच्या शेतकऱ्याला याच्यावर मिठाचा भार आहे. उन्हाळ्यात जमिनीतलं मीठ वर चढतं आणि पहिल्या पावसात ते विरघळून खाली उतरतं. म्हणजे ज्या दिवसांत ट्रॅक्टर पहिल्यांदा शेतात उतरतो, त्याच दिवसांत पाणी सर्वांत खारट असतं. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली असेल, तर विचारायलाच नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि त्याने मिठाला टिकणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. बियाण्याचा असा विचार झाला, पण त्याच चिखलात चालणाऱ्या यंत्राच्या देखभालीचा विचार त्या मानाने फार मागे राहिला. मिठाचा त्रास असा की ते हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतं. पाणी वाळलं असं दिसतं, तरी चाकाच्या रिमवर, बोल्टांच्या आट्यांत, वायरींच्या जोडांत गंज चालूच राहतो. म्हणून चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणं हे काम शोभेचं नाही, गरजेचं आहे. यात दोन चुका सर्रास होतात. पहिली, जोरदार दाबाच्या पाण्याचा फवारा थेट सीलवर, हबवर, अल्टरनेटरवर मारणं. चिखलाने जे केलं नसेल ते हा फवारा करतो. दुसरी, धुतल्यावर ग्रीस न देणं. ग्रीसगन निपलला लावून जुनं, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबत राहायचं, कारण इथे ग्रीस वंगणाइतकंच पाणी हटवण्याचं काम करतं. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरायचं असेल तर तेही गोडंच हवं. रोटाव्हेटरलाही हे सगळं लागू आहे; त्याच्या चेनकेसच्या बाजूचं सील ट्रॅक्टरच्या सीलांपेक्षा लवकर जातं.

डिझेलबद्दल थोडक्यात. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत उभी राहिली की आतल्या भिंतींवर ओल धरते आणि ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जातं. तिथे पुढे शेवाळासारखा चिकट थर धरतो आणि तोच फिल्टर चोंदवतो. ट्रॅक्टर उभा करताना टाकी भरलेली ठेवणं आणि फिल्टरच्या तळाचं पाणी सोडणं, एवढ्याने अर्धं काम होतं. डिझेल पंपाच्या आतले भाग मायक्रॉनच्या मापात एकमेकांत बसवलेले असतात. त्यांना पाण्याचा थेंब सोसत नाही. फिल्टर बदलून एअर काढणं मालकाने शिकलंच पाहिजे. पंपाचं सील तोडून आत हात घालणं मात्र कधीही करू नये. ते काम पंपाच्या चाचणीचं यंत्र असलेल्या कारखान्याचं आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ऑगस्टमध्ये सर्व्हिसिंग करा हे सांगणं सोपं असलं तरी ते न करण्याची कारणंही खरी आहेत. पहिलं कारण पैशाचं. लावणीत मजुरी, खत, डिझेल यांवर हातातला पैसा संपलेला असतो आणि गणपती तोंडावर आलेला असतो. ज्या पेण तालुक्याची ओळखच गणपतीच्या मूर्तींनी आहे, तिथे या खर्चाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. याला उत्तर एवढंच की सगळं एकदम करण्याची गरज नाही. इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर, हबचं ग्रीस आणि गिअरबॉक्समधलं पाणी सोडणं, ही चार कामं थांबू शकत नाहीत, कारण त्यांत चाललेला गंज थांबत नाही. एअर क्लीनरची सफाई, फॅन बेल्ट, बॅटरीचं पाणी, रोटाव्हेटरची पाती, लाइट ही कामं मे महिन्यापर्यंत खुशाल ठेवावीत. त्यांनी वाट पाहिली तर काही बिघडत नाही. दुसरं कारण, पुस्तकात अडीचशे तास लिहिलंय आणि माझे तर शंभरच झाले. पुस्तक नीट वाचलं तर बहुतेक कंपन्यांनी तासांसोबत काळाची अटही घातलेली दिसते, आणि चिखल-पाण्याच्या कामात अंतर कमी करा असंही सांगितलेलं असतं. शिवाय जुन्या ट्रॅक्टरांवरचा यांत्रिक काटा घड्याळाचे तास मोजत नाही. तो इंजिनाचे फेरे मोजतो आणि ठरलेल्या वेगाने चाललेल्या तासाला एक तास म्हणतो. मंद गतीने उभं राहिलेलं इंजिन त्यात कमी भरतं. वापरलेल्या ट्रॅक्टरवर तर हा काटा कित्येकदा बंदच असतो. तिसरं कारण जास्त गंभीर, कारण ते काळजीपोटी येतं: ट्रॅक्टर उभा राहून खराब होऊ नये म्हणून दर आठ दिवसांनी पाच मिनिटं चालू करून बंद करायचं. याने बॅटरी सेल्फला जेवढं देते तेवढंही परत भरत नाही, इंजिन तापत नाही आणि प्रत्येक वेळी आत नवं पाणी जमतं. चालवायचं असेल तर महिन्यातून एकदा काढून, ट्रॉली लावून, पुरतं गरम होईपर्यंत चालवावं. ते जमणार नसेल तर बॅटरीची वायर सोडून यंत्र स्वस्थ उभं राहू द्यावं.

चौथा आक्षेप असा की जुनंच यंत्र आहे, बंद पडलं तर दुरुस्त करू, आधीच खर्च कशाला? दुरुस्ती मे महिन्यात लागली असती तर हा हिशेब जमला असता. पण सील, बेअरिंग, क्लच हे ताण आल्यावर तुटतात, आणि ताण चिखलणीतच येतो. राबातलं रोप तीन-चार आठवड्यांचं झालं की ते लावायलाच हवं. त्याचं वय वाढत गेलं तर फुटवे कमी येतात आणि ते नुकसान पुढे कितीही खत टाकून भरून निघत नाही. रहू पद्धतीने मोड आलेलं बी टाकणाऱ्यांचं तर आणखी अडतं, कारण मोड आलेलं बी चिखलाची वाट पाहत बसत नाही. चिखलणीच्या त्या दिवसांत प्रत्येक मेकॅनिकच्या दारात रांग असते, सुटा भाग पनवेलहून नाहीतर पुण्याहून यायचा असतो, आणि भाड्याचा ट्रॅक्टर मिळणं त्याच आठवड्यात सर्वांत अवघड. एका सीलची किंमत तेव्हा सीलपुरती राहत नाही, ती एका खाचराच्या भाताएवढी होते.

जुना ट्रॅक्टर घेतानाच हा विचार करावा. घाटावरून आलेल्या ट्रॅक्टरची झीज धुळीची असते. पिस्टन, रिंगा, एअर क्लीनर थकलेले असतात, पण सीलांची परीक्षा तिकडे झालेलीच नसते. ती इथल्या पहिल्या चिखलणीत होते. म्हणून घेताना सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जावं आणि विकणाऱ्याने आधी गरम करून ठेवलेलं नाही ना, हे इंजिनला हात लावून बघावं. ब्रीदरमधून धूर किती येतो, ऑइलच्या काडीवर रंग कसा आहे, पुढचं चाक उचलून हलवल्यावर खेळ किती, क्लच हाउसिंगच्या छिद्राखाली डाग आहे का, लिफ्ट भार घेऊन टिकते का, हे सगळं आरसी बुकावरच्या बँकेच्या बोज्याइतकंच काळजीपूर्वक तपासावं. जुन्या मालकाने कोणतं ऑइल कधी घातलं हे तो सांगेल, पण त्यावर विसंबून राहू नये. ट्रॅक्टर घरी आला की इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांची सगळी ऑइलं, सगळे फिल्टर आणि हबची सीलं एकदा बदलून नवा हिशेब वहीत मांडायचा. एमएच ०६ ची नोंदणी पेणच्या आरटीओत होते तेव्हा यंत्राचे कागद आपल्या नावाचे होतात. त्याच्या देखभालीचा इतिहास या वहीतूनच आपल्या हातात येतो. ट्रॅक्टर भाड्याने चालत असेल आणि ड्रायव्हर वेगळा असेल, तर ही वही अधिकच लागते, कारण अशा ठिकाणी तो बघेल असं दोघंही धरून चालतात.

पुराचा विषय या पुस्तिकेत वेगळा घेतला आहे. अंबा आणि कुंडलिका या नद्यांच्या काठच्या गावांना त्याचं कारण ठाऊक आहे. जुलै १९८९ च्या अंबेच्या पुरात जांभूळपाडा आणि नागोठण्याने जे सोसलं ते इथे विसरलं गेलेलं नाही. पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर चालतो का ते पाहण्यासाठी सेल्फ मारणं ही सर्वांत महागडी चूक आहे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडायची, सगळी ऑइलं आणि डिझेल काढून टाकायचं, नोझल काढून इंजिन हाताने फिरवत पाणी बाहेर घालवायचं, आणि हे पहिल्या एक-दोन दिवसांतच करायचं. उशीर झाला की रिंगा सिलिंडरला धरतात.

शेवटी ब्रेकबद्दल, कारण तिथे नुकसान फक्त यंत्राचं होत नाही. जुन्या ट्रॅक्टरांपैकी अनेकांचे ब्रेक कोरड्या चकत्यांचे असतात. चिखलणीत त्यांत गाळ शिरतो आणि वाळल्यावर एक बाजू धरते, दुसरी घसरते. शेतात याने बिघडत नाही, कारण तिथे डावा-उजवा ब्रेक वेगवेगळाच वापरतात. पण तोच ट्रॅक्टर पुढे विटांची, मातीची, पेंढ्याची ट्रॉली घेऊन वडखळहून नागोठण्याकडे मुंबई-गोवा महामार्गावर येतो. तिथे दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलेली नसेल, किंवा एका बाजूचा ब्रेक लागत नसेल, तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं ढकलते. म्हणून ब्रेकच्या चकत्या उघडून साफ करण्याचं आणि दोन्ही पेडलचा खेळ सारखा करण्याचं काम पुढे ढकलण्याच्या कामांत न टाकता ऑगस्टच्याच यादीत धरलं आहे. मडगार्डवर घरातलं पोर बसवून बाजारात जाण्याची सवय ज्या घरात आहे, त्यांनी ब्रेकचं प्रकरण सर्वांत आधी वाचावं.